हत्तीपाय : शस्त्रक्रिया व नंतरची निगा

लसीका म्हणजे ऊतकांतून झिरपणारा पातळ द्रव; तो वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या निकामी झाल्याने पायात साठणारी व हळूहळू घट्ट होत जाणारी सूज. परिभाषेत लसीकाशोफ. बडोद्यातील मराठी घरांत हत्तीपाय म्हणतात, गुजराती शेजारी हाथीपगो. कारण दरवेळी डासांवाटे शिरणारा कृमीच असतो असे नाही. कर्करोगासाठी जांघेतील लसीकागाठी काढल्यावरही अशी सूज येते.

सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने रोगाचे वर्णन असून जुने पाणी साचणाऱ्या, सर्व ऋतूंत थंड राहणाऱ्या प्रदेशांत तो विशेष होतो, असे म्हटले आहे. श्लीपद व आजचा लसीकाशोफ सर्वस्वी एकच मानणे मात्र धाडसाचे. संहितेचा काळही वादग्रस्त आहे.

सुजलेली त्वचा व तिच्याखालील ऊतक प्रावरणीपर्यंत (स्नायूंवरील चिवट आवरणापर्यंत) काढून त्वचारोपण करण्याच्या शस्त्रक्रियेस ‘चार्ल्स पद्धत’ म्हणतात. कलकत्त्यात काम केलेले शल्यविशारद सर हॅवलॉक चार्ल्स यांच्या १९१२ च्या लेखाकडे तिचे श्रेय जाते. तथापि तो लेख वृषणकोशाच्या सुजेविषयी आहे, पायाविषयी नाही. १९५० मध्ये शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी पायाच्या शस्त्रक्रियेचे श्रेय चार्ल्स यांना दिले आणि पुढील ग्रंथांनी मूळ लेख न उघडताच ते उतरवून घेतले, असे १९९६ मध्ये दाखवून देण्यात आले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. नाव मात्र रूढ झाले ते झालेच. त्याच १९१२ साली शल्यविशारद कोंडोलिऑन यांनी प्रावरणीचा भाग काढण्याची पद्धत मांडली. प्रावरणी काढली की पृष्ठभागाची लसीका खोल वाहिन्यांत उतरेल, ही त्यांची अपेक्षा होती. पुढे शल्यविशारद टॉमसन यांनी त्वचेचा पदर स्नायूंलगत पुरण्यामागेही हाच तर्क होता.

अलीकडे सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी शिरेस जोडतात. हा जोड सूज मऊ असतानाच उपयोगी पडतो. घट्ट, चरबीयुक्त पायासाठी चरबीशोषण करतात. कोणत्याही शस्त्रक्रियेने मूळ दोष जात नाही. चरबीशोषणानंतर दाबमोजे जन्मभर, रात्रंदिवस घालावे लागतात. बडोद्याच्या मे महिन्यात ही शिक्षाच, आणि मोजे सुटतात ते बहुधा तेव्हाच.

पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तिथल्या चिखल्यांतून जंतू शिरून ताप येतो, पाय लाल होतो आणि दर झटक्यागणिक सूज वाढते; अशा वेळी प्रतिजैविके लागतात. झोपताना पाय उंच ठेवावा. चालण्याफिरण्यास मनाई नाही. नवरात्रात मोजे घालून गरबा खेळण्यासही हरकत नसावी, अनवाणी मात्र नव्हे.