फॉन्ट बदलला की मजकूर का सरकतो?

लग्नसराईत लातूर-नांदेडच्या कुठल्याही डीटीपी सेंटरवर एक तक्रार हमखास ऐकू येते. 'दादा, नवरीचं नाव चौकटीत जरा खाली आलंय बघा.' ऑपरेटर तपासतो. अलाइनमेंट सेंटरच आहे, तरी नाव खालीच दिसतं. मग ॲरो की दाबून ते अंदाजाने वर घेतलं जातं. पुढच्या पत्रिकेला फॉन्ट बदलला की तिथलं नाव वर चढलेलं!

यात ग्राहकाचा डोळा खरा असतो आणि सॉफ्टवेअरचं गणितही. डोळा शाई पाहतो, सॉफ्टवेअर अक्षराभोवतीची न दिसणारी चौकट मोजतं. शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा ही चौकट जुळाऱ्याच्या हाताला लागायची, कारण खिळ्याचं अंग म्हणजेच ती चौकट. आता ती फॉन्टच्या फाइलमध्ये फक्त आकड्यांच्या रूपात असते. फॉन्ट बनवणारा प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौरसाच्या मापात रेखाटतो. त्या चौरसाची बाजू बहुधा १००० किंवा २०४८ एककांची धरतात. आपण '२४ पॉइंट' निवडतो तेव्हा तो चौरस २४ पॉइंटांचा होतो. अक्षर त्यात किती जागा व्यापेल हे फॉन्टकाराने ठरवलेलं असतं. एकाच मापाचे दोन मराठी फॉन्ट लहानमोठे दिसतात ते यामुळे.

सरकण्याचं मूळ आणखी दोन आकड्यांत आहे. अक्षराच्या तळरेषेपासून वर किती जागा राखायची तो असेंट, खाली किती राखायची तो डिसेंट. मधोमध बसवताना बहुतेक सॉफ्टवेअर याच दोन आकड्यांचा आधार घेतं. कुणी असेंट गरजेपेक्षा मोठा ठेवला असेल तर वर रिकामी जागा उरते आणि मजकूर खाली दिसतो. त्यात भर म्हणजे बऱ्याच फॉन्ट फाइलींत या आकड्यांचे एक नाही, तीन संच असतात. विंडोजवरचा प्रोग्राम एक संच वाचतो, मॅकवरचा दुसरा. हे तिन्ही संच जुळते नसले, तर जालन्यात विंडोजवर नीट दिसलेलं पान संभाजीनगरच्या प्रेसमधल्या मॅकवर हललेलं दिसू शकतं.

हा प्रयोग घरच्या संगणकावरही जमतो. सारख्या मापाच्या दोन चौकटी शेजारीशेजारी काढा, दोन्हींत मजकूर मधोमध ठेवा, फॉन्ट एकच घ्या. एकीत 'गौरी' लिहा, दुसरीत 'पूनम'. दोघींची शिरोरेषा एका पातळीत येईल. पण गौरीच्या मात्रा वर जातात म्हणून ते नाव चढल्यासारखं वाटेल, आणि पूनमचा ऊकार खाली उतरतो म्हणून ते उतरल्यासारखं. आता दोन्ही नावं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेखाटलेल्या आकारांत, बदला आणि सॉफ्टवेअरला पुन्हा मधोमध लावायला सांगा. फॉन्टचे आकडे आता उरलेले नाहीत, उरली आहे ती नुसती शाई. सॉफ्टवेअर तीच मोजतं, आणि शिरोरेषा वरखाली होतात. माझं मत स्पष्ट आहे : शेजारच्या दोन नावांत शिरोरेषा जुळलीच पाहिजे. मराठी वाचणारा डोळा त्याच रेषेवरून चालतो. म्हणून आधी जुळवा, मग कर्व्ह करा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीच्या पर्यायांत पहिल्या ओळीची तळरेषा कशावरून मोजायची हे ठरवता येतं. तिथे असेंटऐवजी लीडिंग (ओळींतलं अंतर) किंवा ठरावीक अंतर निवडलं की फॉन्ट बदलला तरी पहिली ओळ जागची हलत नाही. कोरलड्रॉमध्ये ओळींतलं अंतर मुळात 'कॅरेक्टर हाइट'च्या टक्क्यांत असतं, म्हणजे फॉन्टच्याच आकड्यांवर. ते पॉइंट साइझच्या टक्क्यांत घ्या. अंतर किती ठेवावं? इनडिझाइन आपणहून १२० टक्के धरतं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. इंग्रजीला ते पुरतं. वरच्या ओळीत 'तुळजापूर' आणि त्याच्या खालीच 'औंढा' आलं की ऊकार आणि अनुस्वार एकमेकांना भिडतात. मराठीला मोकळीक जास्त लागते. एखादीच ओळ मधेच सुटी दिसत असेल तर तिच्यात मोठ्या मापाची स्पेस अडकली आहे का ते पाहा, कारण इनडिझाइनमध्ये ओळीतल्या सर्वांत मोठ्या लीडिंगप्रमाणे सगळी ओळ खाली जाते.

जस्टिफाय केल्यावर, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ केल्यावर, अक्षरं फाटतात, त्याचं कारण वेगळं आहे. ओळ भरण्यासाठी सॉफ्टवेअर शब्दांमधली जागा ताणतं, आणि परवानगी असेल तर अक्षरांमधलीही. रोमन लिपीत ते खपून जातं. देवनागरीत शिरोरेषेला भेगा पडतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला जागतिक क्रमांक. त्याआधीच्या अनेक जुन्या फॉन्टांत 'त'सारखं अक्षर अर्धा त आणि काना अशा दोन तुकड्यांतून उभं राहतं. तिथे तर अक्षरच दुभंगतं. लेटर स्पेसिंगचे (अक्षरांमधल्या जागेचे) किमान, अपेक्षित आणि कमाल हे तिन्ही आकडे शून्यावर आणा. हायफनेशन, म्हणजे ओळीअखेर शब्द तोडणं, तेही बंद करा, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरच्या लेखी इंग्रजीच असतो आणि ते मराठी शब्द कुठेही तोडतं.

युनिकोडचा त्रास निराळा. तिथे 'हिंगोली' लिहिताना ह आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवली जाते, आणि दाखवताना सॉफ्टवेअर ती ह च्या डावीकडे नेतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (ओळी जुळवण्याची पद्धत) लावलेला नसेल तर ही हलवाहलव होतच नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला राहते, जोडाक्षरं फुटतात, शब्दांची रुंदी बदलते आणि ओळी घसरतात. हा पर्याय परिच्छेदाच्या मेनूत आहे, एकदा निवडला की त्या परिच्छेदापुरतं काम झालं.

लातूरच्या क्लासेसच्या निकालपत्रकांत गुणांचे रकाने वेडेवाकडे दिसतात ते बहुतेकदा स्पेसबारमुळे. स्पेसची रुंदी दर फॉन्टला वेगळी, आणि पुष्कळ फॉन्टांत १ आणि ९ यांची रुंदीही सारखी नसते. उजव्या कडेला जुळणारा टॅब लावा. दशांश गुण असतील तर दशांश टॅब. आणि फाइल दुसऱ्या गावी पाठवताना फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या. मूळ फाइलच द्यायची असेल तर फॉन्टची आवृत्तीही तीच आहे का ते विचारून घ्या, कारण नाव तेच राहून आतले आकडे बदललेले असू शकतात.