हाशिमोटोच्या रुग्णांसाठी: रिपोर्टमधली प्रत्येक ‘गाठ’ गाठ नसते

अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) वाढलेले, टीएसएचही (थायरॉइडला काम करायला लावणारे हार्मोन) वर, आणि त्यात मानेतल्या थायरॉइड ग्रंथीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘नोड्यूल’, म्हणजे गाठ, लिहून आले की घरातले सगळेच धास्तावतात. आमच्या केंद्रात तपासणीला येण्यापूर्वी हे पत्रक जरूर वाचा.

हाशिमोटोच्या आजारात प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते आणि शरीराच्याच लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) या ग्रंथीत शिरतात. सुजलेला भाग सोनोग्राफीत काळसर दिसतो आणि मधले तंतू पांढऱ्या रेषांसारखे उमटतात. या रेषांमध्ये अडकलेले काही मिलिमीटरचे काळे ठिपके अनेकदा ‘मल्टिपल नोड्यूल्स’ म्हणून नोंदले जातात. म्हणूनच आम्ही प्रत्येक संशयित जागा आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी पाहतो. खरी गाठ दोन्हीकडून आपला आकार आणि कडा टिकवून ठेवते. आभासी गाठ एका दिशेने दिसते आणि प्रोब फिरवला की आजूबाजूच्या सुजेत विरून जाते. या कामाला वेळ लागतो, पण तो देण्यासारखाच आहे, कारण चुकीच्या नोंदीमुळे विनाकारण सुई टोचली जाते.

खऱ्या गाठीला टायरॅड्सचा, म्हणजे सोनोग्राफीवरून कर्करोगाची शंका किती ते सांगणारा, दर्जा दिला जातो. आम्ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची 2017 ची पद्धत वापरतो. तिच्यानुसार दर्जा 3 असेल तर गाठ 2.5 सेंमी किंवा मोठी असल्यास, दर्जा 4 ला 1.5 सेंमीपासून आणि दर्जा 5 ला 1 सेंमीपासून सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सुचवतात. दर्जा 1 आणि 2 ला ती लागत नाही. फक्त आकारावर जाऊ नका: 3 सेंमीची पाण्याने भरलेली गाठ निरुपद्रवी असू शकते, तर 1 सेंमीची, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली, काळी, बारीक चुनखडीचे कण असलेली गाठ जास्त काळजीची असते. मानेतल्या लसिका ग्रंथीही हाशिमोटोत सुजतात. तेवढ्यावरून कर्करोगाची शंका घेऊ नये, मात्र त्यांचा आकार आणि आतली रचना आम्ही नोंदवतो.

एफएनएसीच्या अर्जावर ‘हाशिमोटो’ आणि तुम्ही घेत असलेली थायरॉइडची गोळी हे दोन्ही लिहायला विसरू नका. या आजारात हर्थल पेशी (थायरॉइडच्याच बदललेल्या, मोठ्या पेशी) आणि लिम्फोसाइट भरपूर सापडतात. ही माहिती नसेल, तर साधी सूजही एफएनएसीच्या निकालांच्या ‘बेथेस्डा’ वर्गवारीतल्या 3, म्हणजे ‘निश्चित सांगता येत नाही’ या वर्गात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका.

रक्ततपासणीबाबत एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-4 (थायरॉइडचे हार्मोन) खोटे जास्त दिसते. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी या गोळ्या थांबवा. टीएसएच खरोखरच कमी असेल, तर सुईआधी थायरॉइड स्कॅन (ग्रंथीचा कोणता भाग किती काम करतो ते दाखवणारी तपासणी) लागू शकतो, कारण जास्त हार्मोन तयार करणारी ‘गरम’ गाठ क्वचितच कर्करोगाची असते. अँटी-टीपीओ मात्र दर वेळी करू नका. आकडा वर-खाली झाला तरी उपचार बदलत नाहीत आणि पैसे वाया जातात.

गाठ जिरवण्यासाठी थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस वाढवू नका. तो टीएसएचवरच ठरतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी.

सोनोग्राफीला उपाशी यायची गरज नाही. जुन्या फिल्म आणा, नुसता रिपोर्ट नको. गाठ वाढली असे म्हणायला निदान दोन मापांत 20 टक्के, आणि प्रत्येकी कमीत कमी 2 मिमी, वाढ दिसावी लागते. त्याहून कमी फरक बऱ्याचदा मोजणाऱ्या हाताचा असतो.

मान काही आठवड्यांत झपाट्याने फुगली, आवाज बसला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. जुन्या हाशिमोटोत, विशेषतः वयस्कर माणसांत, थायरॉइडचा लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) क्वचितच होतो, पण तो असाच वेगाने वाढतो.