पार्श्वभूमी : मार्सेलिसचा सेंट व्हिक्टर मठ आणि त्याच्या पोटातले जुने चर्च

मराठी वाचकाला मार्सेलिस हे नाव माहीत असते ते बहुधा ८ जुलै १९१० या तारखेमुळे. मोरिया बोटीतून सावरकरांनी समुद्रात घेतलेली उडी, किनाऱ्यावर त्यांना पुन्हा झालेली अटक आणि त्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयापर्यंत गेलेले प्रकरण यांमुळे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे शहर आपल्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. मात्र मुंबईहून जाणाऱ्या आगबोटी ज्या विस्तीर्ण गोद्यांमध्ये लागत, त्या एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या. मूळ शहर वसले ते त्यांच्या दक्षिणेला असलेल्या, जमिनीत खोलवर शिरलेल्या एका चिंचोळ्या खाडीच्या काठी. आशिया मायनरमधल्या फोकाया गावाचे ग्रीक दर्यावर्दी इ. स. पू. ६००च्या सुमारास या खाडीच्या उत्तर तीरावर उतरले आणि त्यांनी मसालिया ही वसाहत उभारली. आज ही खाडी ‘जुने बंदर’ म्हणून ओळखली जाते. तिच्या दक्षिण तीरावर, मुखाजवळच्या चढावर, चौकोनी बुरुजांची आणि तटासारख्या भिंतींची एक इमारत आहे. पाहणाऱ्याला प्रथम तो किल्लाच वाटतो. तोच सेंट व्हिक्टरचा मठ होय.

या मठाचे क्रिप्ट पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घेतलेली बरी. क्रिप्ट म्हणजे चर्चखाली खणलेले तळघर असे आपण सहज धरून चालतो. येथे क्रम उलटा आहे. खालची वास्तू आधीची असून एके काळी ती जमिनीवरच उभी होती. तिचा मधला चौक खांबांनी वेढलेला होता आणि त्यात वरून उजेड उतरत असे. तेराव्या शतकात जेव्हा नवे चर्च बांधायचे ठरले, तेव्हा ही जुनी वास्तू न पाडता तिच्याच डोक्यावर नवी चढवली गेली, आणि जे उघड्यावर होते ते अंधारात गेले. आज वरच्या चर्चमधून जिना उतरून खाली जाणारा माणूस म्हणून तळघरात जात नाही. तो वरच्या चर्चच्याही सुमारे आठशे वर्षे मागे, पाचव्या शतकातल्या चर्चमध्ये पोहोचतो.

त्या चर्चच्याही आधी तेथे दगडाची खाण होती. पलीकडच्या तीरावर मसालिया वाढत होते आणि त्याला लागणारा चुनखडीचा दगड या टेकडीतून काढला जात होता. लेणी पाहून सरावलेल्या आपल्या डोळ्यांना क्रिप्टमधला तासलेला खडक ओळखीचा वाटेल. पण हा खडक कोरला गेला तो देवासाठी नव्हे, पलीकडच्या गावातल्या इमारतींसाठी. दगड काढून झाल्यावर उरलेल्या पोकळ्यांचा आणि कडेकपारींचा उपयोग प्रेते पुरण्यासाठी होऊ लागला, आणि ख्रिस्तपूर्व काळातच ही जागा दफनभूमी झाली होती. मृतांना नगराच्या हद्दीत पुरू नये असा प्राचीन रोमन कायद्याचा दंडक होता. मसालियाच्या लोकांना तर मधली खाडी ही आयतीच सीमा मिळाली होती : अलीकडे जिवंतांचे गाव आणि पलीकडे मृतांचे. मठ येथेच का उभा राहिला याचे उत्तर मला या भूगोलात सापडते. मठ आधी आणि थडगी नंतर असे घडले नाही. थडग्यांनी मठाला येथे बोलावून घेतले.

ज्या थडग्याने ही जागा पवित्र ठरली, ते व्हिक्टर नावाच्या रोमन सैनिकाचे मानले जाते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या आरंभी, सम्राट डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन यांच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा त्याने ख्रिस्तावरची श्रद्धा सोडण्यास नकार दिला. कथा अशी सांगते की ज्युपिटरच्या मूर्तीपुढे धूप जाळण्याची त्याला आज्ञा झाली, तेव्हा त्याने ती वेदी लाथेने उलथून टाकली. शिक्षा म्हणून त्याचा पाय तोडण्यात आला आणि शेवटी त्याला जात्याच्या दगडाखाली भरडण्यात आले. कथेचे तपशील पुढच्या पिढ्यांनी रचलेले आहेत, हे उघड आहे. पण पाचव्या शतकात या हुतात्म्याच्या समाधीभोवती लोक आपल्या आप्तांना पुरू लागले होते, याची साक्ष तेथल्या दगडी शवपेट्या देतात. पुनरुत्थानाच्या दिवशी संताच्या शेजारी असावे, या श्रद्धेपोटी श्रीमंत ख्रिस्ती कुटुंबे त्याच्याजवळची जागा मिळवण्यासाठी धडपडत असत.

मठाची स्थापना परंपरेने जॉन कॅसियन याच्या नावावर नोंदली जाते. इ. स. ३६०च्या सुमारास, बहुधा आजच्या रुमानियाच्या काळ्या समुद्राकाठच्या प्रदेशात जन्मलेला हा माणूस बेथलेहेमच्या मठात राहिला, इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पत्करलेल्या तपस्व्यांच्या सहवासात त्याने कित्येक वर्षे घालवली, पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये तेथल्या बिशप जॉन क्रिसोस्टमने त्याला दीक्षा देऊन डीकन (धर्मगुरूचा सहायक) केले, आणि ४१५च्या सुमारास तो मार्सेलिसला येऊन स्थिरावला. तेथे त्याने पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक असे दोन मठ काढले. पुरुषांचा मठ नेमका याच जागी होता का, याविषयी पुरातत्त्वज्ञांमध्ये मतभेद आहेत. त्याच्या ग्रंथांविषयी मात्र वाद नाही. मठातली दिनचर्या कशी असावी आणि मनात उठणाऱ्या विकारांशी कसे झुंजावे, हे सांगणारा त्याचा एक ग्रंथ आहे. इजिप्तच्या तपस्व्यांशी झालेले संवाद त्याने दुसऱ्या ग्रंथात मांडले आणि त्याचे लॅटिन नाव ‘कोलातिओनेस’ असे आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठनियमांत संध्याकाळच्या जेवणानंतर हा ग्रंथ वाचून दाखवावा असे सांगितले, आणि युरोपभरच्या मठांत शेकडो वर्षे तो वाचला गेला. त्या वाचनाच्या वेळी उपासाच्या दिवशी थोडेसे खायला मिळू लागले, म्हणून फ्रेंच भाषेत आजही हलक्या फराळाला ‘कोलासिओं’ म्हणतात. इजिप्तच्या वाळवंटातले मठजीवन पश्चिम युरोपला कळले ते मोठ्या प्रमाणात या बंदरात बसून लिहिणाऱ्या माणसामुळे.

क्रिप्टमधल्या शवपेट्यांपुढे थोडा वेळ थांबायला हवे. चौथ्या आणि पाचव्या शतकांतल्या या संगमरवरी व चुनखडीच्या पेट्यांवर ख्रिस्त आणि त्याचे शिष्य, बायबलमधले प्रसंग, वळणदार समांतर रेघांची नक्षी असे कोरीव काम आहे. त्यांतल्या काहींना मागाहून संतांची नावे चिकटली आणि मूळचा मृत कोण, हे विसरले गेले. १९७०च्या सुमारास उघडण्यात आलेल्या एका पेटीत पाचव्या शतकाच्या अखेरीस पुरलेली एक तरुण स्त्री सापडली. तिच्या अंगावरचे रेशमी वस्त्र आणि त्यातली सोन्याची जर टिकून होती. ती कोण होती, हे सांगणारा लेख तिच्या पेटीवर नाही. तरीही पश्चिमेतले रोमन साम्राज्य कोसळत असताना या बंदरात रेशीम येत होते, आणि ते विकत घेण्याची ऐपत असलेली माणसे संताच्या पायाशी आपल्या मुलीसुनांना पुरत होती, एवढे त्या पेटीने नक्की सांगितले.

आख्यायिका आणि दगड यांच्यातले अंतर किती असते, हे युसेबिया या साध्वीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. लोककथेनुसार ती एका मठाची प्रमुख होती. सारासेन, म्हणजे अरब मुसलमान, चाचे चालून आले, तेव्हा शीलरक्षणासाठी तिने आणि तिच्या चाळीस सहचारिणींनी स्वतःची नाके कापून घेतली आणि त्या साऱ्या मारल्या गेल्या. नवव्या शतकात सारासेनांनी मार्सेलिसवर हल्ले केले, हा इतिहास आहे; ८३८ सालचा हल्ला विशेष विध्वंसक होता. पण युसेबियाच्या नावाचा जो मूळ लॅटिन शिलालेख उपलब्ध आहे तो सहाव्या शतकातला समजला जातो, आणि त्यात चाचे नाहीत, कापलेली नाके नाहीत आणि हत्याही नाही. चौदा वर्षे संसारात आणि त्यानंतर पन्नास वर्षे मठात ईश्वरसेवेत घालवून ती शांतपणे विसावली, एवढेच तो सांगतो. भीतीच्या काळात लोकांना हुतात्मा हवी होती, म्हणून त्यांनी एका वृद्ध साध्वीचे नाव उचलले. मला स्वतःला कथेपेक्षा तो शिलालेख अधिक हलवून जातो.

हल्ल्यांनी खिळखिळा झालेला मठ ९७७ साली बिशप होनोरातच्या पुढाकाराने बेनेडिक्टच्या नियमांखाली पुन्हा उभा राहिला आणि अकराव्या शतकात वैभवाला पोहोचला. १०२० ते १०४७ या काळात मठाधिपती असलेल्या इझार्नचा समाधीचा दगड क्रिप्टमध्ये पाहायला मिळतो. जुन्या रोमन शवपेटीचा दगड घेऊन तो घडवला आहे. वरच्या टोकाला इझार्नचे मस्तक आणि खालच्या टोकाला त्याचे पाय दिसतात. धडाच्या जागी ओळीमागून ओळ लिहिलेला लेख आहे. मृताच्या अंगावर चादर पांघरावी तसा तो लेख त्याच्यावर पसरलेला आहे. एवढ्या साध्या कल्पनेतून इतके जिवंत शिल्प क्वचितच साधते.

याच शतकात सेंट व्हिक्टरचा अंमल समुद्राच्या दोन्ही दिशांना पसरला. १०७० साली आजच्या स्पेनमधल्या कॅटालोनियातला रिपोल मठ त्याच्या देखरेखीखाली आला, तर १०८९ साली सार्डिनिया बेटावर काल्यारीचे सेंट सातुर्नो चर्च त्याला दान मिळाले. सार्डिनियातल्या मिठागरांचे उत्पन्नही मठाकडे येत असे. बंदराकाठच्या मठाला जहाजांनी जोडलेली जहागीर मिळणे स्वाभाविकच होते.

वरचे चर्च तेराव्या शतकात बांधले गेले, पण त्याला आजचे किल्ल्याचे रूप आले ते चौदाव्या शतकात. १३६१ साली मठाधिपती झालेल्या गिय्योम ग्रिमोआर याची पुढच्याच वर्षी पोप म्हणून निवड झाली आणि त्याने पाचवा अर्बन हे नाव घेतले. त्या काळी पोपची गादी रोमऐवजी आव्हिन्योंला होती, म्हणजे मार्सेलिसपासून फार दूर नव्हती, आणि जुन्या मठावरची पोपची माया आटली नव्हती. त्याने मठाला तटबंदी आणि बुरुज दिले, भिंती जाड केल्या आणि १३६५ साली तो स्वतः येथे आला. १३७० साली आव्हिन्योंमध्ये त्याचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी त्याचा देह सेंट व्हिक्टरमध्ये आणून ठेवण्यात आला.

पुढची तीन शतके उतरणीची होती. शेजारीच चौदाव्या लुईने १६६०नंतर सेंट निकोलस किल्ला बांधला, त्यामुळे बंदराच्या मुखावर पहारा ठेवणारी इमारत म्हणून मठाचे महत्त्व उरले नाही. १७३९ साली मठजीवन औपचारिकरीत्या संपवून तेथे उमराव घराण्यांतल्या धर्मगुरूंचे मंडळ नेमले गेले. खरा घाव बसला तो फ्रेंच राज्यक्रांतीत. १७९४ साली मठ लुटला गेला, संतांचे अवशेष जाळले गेले, सोन्याचांदीची पात्रे वितळवण्यात आली. निवासाच्या इमारती आणि मठाचा चौक पुढे पाडले गेले. चर्च मात्र वाचले, कारण त्याच्या भक्कम भिंतींचा गवताचे कोठार, तुरुंग आणि बराक म्हणून उपयोग होता. क्रिप्टच्या चौकातले प्राचीन खांबही काढून नेण्यात आले. त्यांतला एक आजही शहरात ओबान्य रस्त्यावर उभा असून त्याच्यावर होमरचा अर्धपुतळा आहे. फोकायाच्या ग्रीकांचे आपण वंशज, या अभिमानाने मार्सेलिसच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो तेथे बसवला. क्रिप्ट पाहून झाल्यावर या खांबापर्यंत चालत जावे असे मी आवर्जून सुचवीन, कारण खालच्या चौकाची मूळ शोभा काय असेल, याचा अंदाज तेथे येतो.

एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये उपासना पुन्हा सुरू झाली, १९३४ साली त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणारा विशेष मानाचा, दर्जा मिळाला आणि १९६०नंतरच्या दोन दशकांत उत्खनने झाली. खाण, दफनभूमी आणि पाचव्या शतकातली वास्तू यांचा जो क्रम वर सांगितला, तो मुख्यतः या उत्खननांमुळे उलगडला.

हे सारे वाचून क्रिप्ट म्हणजे एक संग्रहालय आहे असा समज होण्याची शक्यता आहे. पण २ फेब्रुवारीला तो टिकत नाही. खाली अक्रोडाच्या लाकडात घडवलेली, काळवंडलेल्या मुखाची तेराव्या शतकातली मेरीची मूर्ती आहे. तिचे नाव ‘कन्फेशनची माता’. येथे कन्फेशन म्हणजे पापांची कबुली नव्हे, तर हुतात्म्याने प्राण देऊन दिलेली श्रद्धेची साक्ष. त्या दिवशीच्या मेणबत्त्यांच्या सणाला तिला हिरवे वस्त्र नेसवून वर आणतात. पहाटेच्या अंधारात जुन्या बंदरापासून मिरवणूक निघते, लोकांच्या हातांत हिरव्या मेणबत्त्या असतात, आणि प्रार्थनेनंतर आर्चबिशप जवळच्या, १७८१पासून चालत आलेल्या बेकरीत जाऊन तेथल्या ‘नाव्हेत’ना आशीर्वाद देतात. नाव्हेत म्हणजे संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेली, मधोमध चीर दिलेली, होडीच्या आकाराची कडक बिस्किटे. येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन आणि येशूने मरणातून उठवलेला लाझरस ज्या होडीतून प्रोव्हान्सच्या किनाऱ्याला लागले असे येथले लोक मानतात, तिची ती आठवण. त्या दिवशीची मेणबत्ती आणि एखादे नाव्हेत घरी नेऊन पुढच्या २ फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवायचे, असा अनेक कुटुंबांचा रिवाज आहे.