स्वयंसेवी संस्थांचा आर्थिक कारभार (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक कामासाठी मिळालेला पैसा कोणी, कोणाच्या संमतीने आणि कशावर खर्च केला, हे संस्थेच्या दप्तरावरून केव्हाही दाखवता यावे यासाठी उभारलेली हिशेबाची, निर्णयाची आणि देखरेखीची व्यवस्था म्हणजे संस्थेचा आर्थिक कारभार. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत आरोग्य, शिक्षण, शेती, पाणलोट आणि वनहक्क यांवर काम करणाऱ्या असंख्य लहान संस्था आहेत. त्यांपैकी अनेकींचा डोलारा एकदोन ध्येयवादी माणसांच्या खांद्यावर उभा असल्याने तिथे हा प्रश्न विशेष नाजूक ठरतो.

या विचाराची परंपरा वर्ध्यात जुनी आहे. सार्वजनिक निधी वापरणारा माणूस त्याचा मालक नसून विश्वस्त असतो, ही गांधीजींची भूमिका होती. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले लेखापाल होते आणि त्याच वर्षी बिहारच्या भूकंपग्रस्तांसाठी जमलेल्या निधीच्या हिशेबाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली होती.

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेली धर्मादाय संस्था सामान्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालीही येते. त्यामुळे वार्षिक लेखापरीक्षण, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आणि विश्वस्त बदलल्यास कलम 22 नुसार 90 दिवसांत बदल अहवाल, ही बंधने तिला लागू होतात. यातील बदल अहवालाकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. एखादा विश्वस्त वारतो, त्याच्या जागी आलेल्याचे नाव परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीत, वर्षानुवर्षे चढत नाही, आणि पुढे मंडळात दोन तट पडले की खरे कार्यकारी मंडळ कोणते हे ठरेपर्यंत बँक खात्यावरील व्यवहार अडकून पडतात. अशा वेळी पगार थकतो तो गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा.

कागदावरची व्यवस्था आणि रोजचा व्यवहार यांतील अंतर धनादेश पुस्तकात स्पष्ट दिसते. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे काढावेत, असा ठराव बहुतेक संस्थांत असतो. परंतु कोषाध्यक्ष दुसऱ्या तालुक्यात राहतो, बँकेची शाखा दूर असते आणि एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. म्हणून तो महिन्यातून एकदा येऊन दहाबारा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून जातो. यात बहुधा कोणाचाही खोटा हेतू नसतो, तरी दोन सह्यांची अट त्या क्षणी संपलेली असते. घरोघरी फिरवून सह्या घेतलेल्या इतिवृत्ताचीही हीच गत आहे, कारण झालेल्या सभेत प्रश्न विचारता येतो, न झालेल्या सभेत येत नाही. खर्च मंजूर करणारा, पैसे देणारा आणि किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहिणारा अशी तीन वेगळी माणसे ठेवणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. माणसे कमी असतील तर निदान बँकेच्या आणि किर्दीच्या नोंदींचा मासिक ताळमेळ किर्द न लिहिणाऱ्या सदस्याने तपासावा.

खर्चाच्या पावत्यांची अडचण वेगळी आहे. धारणी किंवा भामरागडकडच्या दुर्गम गावात प्रशिक्षण घेतले तर चहावाला, जीपवाला आणि ताडपत्री भाड्याने देणारा यांपैकी कोणाकडे छापील बिल असेलच असे नाही. तेथे हातपावती चालते. तीवर तारीख, कारण, रक्कम अक्षरांत, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि 5000 रुपयांवरील रोख रकमेसाठी महसूल तिकीट असावे. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही, याचे भान कार्यक्रम आखतानाच ठेवावे लागते.

देणगीदारांच्या अटींनीही कारभार घडतो आणि कधी बिघडतो. परदेशी निधीविषयीच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत मदत मिळवणाऱ्या गावपातळीवरच्या संस्थांचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला. लेखापालाचा पगार अनेक अंदाजपत्रकांत बसतच नाही, आणि मग किर्द वर्षअखेरीस एकदम लिहिली जाते. चोख हिशेबाची अपेक्षा ठेवणाऱ्याने त्याचा खर्चही उचलला पाहिजे.

चांगला नमुना शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत पेटी सर्वांसमोर उघडते, रोकड मोजली जाते आणि प्रत्येकीची बचत व परतफेड मोठ्याने वाचली जाते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांसाठी ठरवलेल्या पंचसूत्रीतही अद्ययावत दप्तर हे एक सूत्र आहे. संस्थेचा ताळेबंदही असाच, सोप्या मराठीत, ज्यांच्या नावे पैसा आला त्या गावकऱ्यांपुढे वाचता येतो. त्यासाठी दिवस मात्र हंगाम पाहून ठरवावा लागतो. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत सभेला माणसे जमत नाहीत. सप्टेंबरात, पूर्वेकडे धानाची रोवणी आटोपलेली असते आणि पश्चिमेकडे कापसाची वेचणी सुरू व्हायची असते, तेव्हा लेखापरीक्षण झालेले हिशेबही हाताशी असतात.