बंद खोलीतील शेगडी आणि बोटावरचा आकडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत पौष-माघाच्या रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. म्हणूनच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची उजळणी घेताना ऑक्सिमीटरचा धडा मी या शेगडीपासूनच सुरू करते.

समजा, अशा खोलीतून पहाटे एका बाईंना कॅज्युअल्टीत आणले आहे. डोके ठणकते आहे, मळमळते आहे, बोलणे थोडे असंबद्ध आहे. आणि बोटावरील ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतो. तो आकडा पाहून विद्यार्थी निश्चिंत होतात, आणि नेमकी तीच चूक ठरते.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालते. ते बोटातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शोषण किती बदलते, यावरून धमनीतील रक्ताचे सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची टक्केवारी, काढते. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन असलेले कमी. पण बंद खोलीत कोळसा जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही लाल प्रकाश कमीच शोषत असल्याने दोनच तरंगलांबी ओळखणारे साधे यंत्र त्याला ऑक्सिजनयुक्त समजते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो; शिवाय उरलेला ऑक्सिजनही पेशींना सहज सुटू देत नाही.

थंडगार बोटे किंवा गडद नेलपॉलिश यांमुळेही आकडा चुकतो, पण तेव्हा तो बहुधा कमी किंवा अस्थिर येतो आणि शंका आपोआप येते. इथे आकडा उत्तम असतो, हाच धोका.

एबीजीतील, म्हणजे धमनीच्या रक्तातील वायूंच्या तपासणीतील, ऑक्सिजनचा दाबही नॉर्मल येऊ शकतो. खरे प्रमाण अनेक तरंगलांबी वापरून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे ओळखणारा को-ऑक्सिमीटरच सांगतो. त्वचा लालबुंद होण्याची वाट पाहू नये, कारण जिवंत रुग्णात ते लक्षण क्वचितच दिसते. संशय येताच नॉन-रिब्रीदर मास्कने (सोडलेला श्वास परत आत न घेऊ देणारा, पिशवी जोडलेला मास्क) पूर्ण प्रवाहाचा ऑक्सिजन सुरू करावा, अहवालासाठी थांबू नये: रक्तातील हा वायू निम्म्यावर येण्यास साध्या हवेत चार-पाच तास, तर शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास लागतो.

आणि मास्क लावता लावताच सोबतच्या नातेवाइकांना विचारावे, की त्या खोलीत आणखी कोणी झोपले आहे का.