सामोअन परंपरा आणि कॅथलिक उपासना

दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर कॅथलिक मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य सामूहिक उपासनेत, ‘फाआसामोआ’, म्हणजे सामोअन जीवनरीतीतील सोहळे व मानपानाचे संकेत, सामावून घेण्याची प्रथा आहे. मारिस्ट या कॅथलिक धर्मसंघाचे फ्रेंच मिशनरी १८४५ मध्ये येथे आले. लंडन मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेने १८३० पासून बेटांवर जम बसवलेला असल्याने कॅथलिक समाज आजही अल्पसंख्य, लोकसंख्येच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढा आहे. उपासनेत स्थानिक रीतींना अधिकृत वाव मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये उपासनाविषयक संविधान मंजूर केल्यानंतर. या बदलाचे प्रमुख पुरस्कर्ते पिओ ताओफिनूऊ (१९२३–२००६) हे होत. १९६८ मध्ये बिशप आणि १९७३ मध्ये कार्डिनल झालेल्या ताओफिनूऊ यांनी आवाविधी ही ख्रिस्ताविषयीची भविष्यवाणीच आहे, असे मत मांडले.

‘आवा’ हे कावा वनस्पतीच्या मुळांपासून केलेले पेय होय. ते तानोआ या लाकडी पात्रात कालवतात व मताई, म्हणजे कुळांचे प्रमुख, यांना त्यांच्या पदांचा पुकारा करून दर्जानुसार देतात. धर्माधिकाऱ्यांच्या स्वागतास आवाविधी केला जातो. मात्र मिस्सेतील द्राक्षरसाची जागा आवा घेत नाही. ते योग्यच म्हणावे लागेल, कारण आवाचा पेला मानाच्या क्रमाने फिरतो, तर कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर व द्राक्षरस, स्वीकारताना असा क्रम मानला जात नाही.

मिस्सेतील सर्वांत नेत्रदीपक भाग शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणाऱ्या ग्रंथाच्या, मिरवणुकीचा. शंख फुंकला जातो आणि फुलांच्या माळा घातलेली तरुण मंडळी पारंपरिक नृत्य करीत ग्रंथ वेदीकडे आणतात. थोर पाहुणा गावात यावा तसा मान येथे ग्रंथाला मिळतो, त्यामुळे हे नृत्य करमणूक ठरत नाही.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत खोल रुजलेला विधी मात्र ‘इफोंगा’ हा आहे. खून किंवा गंभीर अपमान घडल्यावर अपराध्याचे कुळप्रमुख व नातलग पहाटे पीडित कुटुंबाच्या घरासमोर डोक्यावर ‘इए तोंगा’ ही बारीक विणीची मौल्यवान चटई घेऊन मूकपणे बसतात. आपला जीव समोरच्याच्या हाती दिल्याची ही कबुली असते. घरातल्यांनी येऊन चटई उचलली, की क्षमा झाली असे मानतात, आणि ती न उचलण्याचा अधिकारही त्यांनाच असतो. प्रायश्चित्तविधीत या प्रसंगाचा आधार घेतला, तर पापकबुली व क्षमा यांचा अर्थ सामोअन भाविकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय इफोंगात एकाच्या अपराधाचा भार सगळे कुळ उचलते, आणि व्यक्तिगत पापकबुलीवर भर देणाऱ्या लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य कॅथलिक, परंपरेत ही बाजू सहसा दुबळी राहते.

न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या सामोअनांनीही या रीती तेथील चर्चमध्ये नेल्या आहेत.