नीरा उजवा कालवा आणि फलटणची वाढ

फलटण शहर सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, बाणगंगेच्या काठी, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसले आहे. नाईक निंबाळकरांच्या संस्थानाची ही राजधानी, महानुभावांचे तीर्थक्षेत्र आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम असली, तरी भोवतालचा मुलूख ज्वारी-बाजरीचा आणि पावसाच्या भरवशावर जगणारा होता.

1876-78 च्या दुष्काळानंतर नीरा खोऱ्यात पाटबंधाऱ्यांना गती मिळाली आणि भाटघरच्या पहिल्या धरणावर नीरा डावा कालवा निघाला. त्याचे पाणी मात्र पलीकडच्या काठाला, म्हणजे पुरंदर, बारामती आणि इंदापूरकडे गेले. फलटणच्या बाजूला पाणी येण्यासाठी भाटघरला नवे, मोठे धरण व्हावे लागले. ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले आणि नीरेवरच्या वीर बंधाऱ्यापासून निघालेला उजवा कालवा खंडाळा, फलटण ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरला.

हे कालवे काढले दुष्काळ निवारण्यासाठी. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना, त्यामुळे खर्च भरून काढण्यासाठी सरकारला उसाकडेच पाहावे लागले. दुष्काळासाठी आणलेल्या पाण्याने नगदी पीक पोसावे, ही विसंगती कालव्याच्या हिशेबातच होती. डाव्या कालव्यावर बागाइतीत मुरलेले सासवडचे माळी खंडाने जमिनी घेत उजव्या कालव्यावरही आले. 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाल्यावर गुऱ्हाळांच्या जोडीला कारखाने उभे राहिले. माळशिरस तालुक्यातील माळीनगर आणि फलटणजवळची साखरवाडी ही याच दशकातली. साखरवाडीचे तर नावच साखरेवरून पडले.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि फलटणची राजधानी गेली. त्याच जिल्ह्यातल्या औंधचीही गेली. मात्र औंध गावच राहिले आणि फलटणची बाजारपेठ वाढली. हा फरक निव्वळ कालव्याचा म्हणता येणार नाही, फलटणला वाटाही अनुकूल होत्या. तरीही उसाच्या बिलाचा पैसा हाती आलेला शेतकरी खत, इंजिन, कापड आणि सोने घ्यायला इथेच येत असे, हे कारण मोठे आहे.

कालव्याने शेतकऱ्याची दिनचर्याही बदलली. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, पाण्याच्या पाळीची वाट पाहायची, आणि पाटकऱ्याने (पाणी सोडणाऱ्या कालव्यावरच्या कर्मचाऱ्याने) रात्री मोरी उघडली की खोरे-बॅटरी घेऊन बांधावर उभे राहायचे. वरच्याने मध्येच दारे फोडले, तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतात पाणी पोहोचेपर्यंत पाळी संपलेली असे. उलट कालव्याजवळच्या भारी जमिनीत पाणी इतके मुरले की काही ठिकाणी ती चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झाली.

तालुक्याचे दोन भाग पडले तेही याच रेषेवर. कालवा आणि नीरा नदी यांच्यामधली गावे बागाईत झाली. कालव्याच्या वर, माणच्या डोंगरांकडे, कोरडवाहू शेती आणि मेंढपाळी उरली. त्या वरच्या गावांपैकी काहींना पाणी मिळू लागले ते पुष्कळ वर्षांनी, कृष्णा खोऱ्यातल्या धोम-बलकवडी प्रकल्पाचा कालवा आल्यावर.